पाया खणण्याआधी हद्द ठरवा

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी मिस्त्री येतो. मग विटा, वाळू, सिमेंटचा हिशेब सुरू होतो. जालन्यात सळई गावातच तयार होते, त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून किलोमागे दोन रुपये कमी करून घेण्यात आठवडा जातो. दरवाजा कोणत्या तोंडाचा, स्वयंपाकघर कुठे, वरचा मजला आत्ता की भाऊ दुबईहून आल्यावर, यावर रात्र-रात्र बैठका होतात. या सगळ्यात एक माणूस कुठेच नसतो, तो म्हणजे भूकरमापक. तो येतो भांडण झाल्यावर. तोवर काम जोत्यापर्यंत आलेलं असतं आणि शेजारी कामावर उभा राहून सांगत असतो, "तुमची भिंत माझ्या जागेत दोन फूट आली आहे."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यात, घर बदनापूर तालुक्यात. गावाकडच्या मित्रांचे फोन पूर्वी नोकरीसाठी यायचे, आता जागेसाठी येतात. समृद्धी महामार्गाचा मोबदला आला, जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, शहराभोवतीच्या शेतांत प्लॉट पडले. ज्यांच्या वडिलांनी आयुष्य पत्र्याखाली काढलं, ती आपली पिढी आता स्लॅब टाकते आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण पंधरा-वीस वर्षांची कमाई ज्या जमिनीवर ओतायची, तिची कड नक्की कुठे आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. माझं म्हणणं साधं आहे. हद्द ठरवणं हे घराचं पहिलं काम आहे, आणि ते शेजाऱ्याशी बोलणं चालू असतानाच करून घ्यायचं असतं.

आपल्या जागेची माहिती तीन ठिकाणी असते. एक सातबारावर, दुसरी नकाशावर आणि तिसरी प्रत्यक्ष जमिनीवर. माझ्या धंद्यातला एक जुना अनुभव असा की एकच माहिती तीन ठिकाणी ठेवली, की कधी ना कधी त्या तिन्हींत फरक पडतोच. जमिनीचंही तसंच आहे.

सातबारा सांगतो की अमुक गटात तुमच्या नावावर इतकं क्षेत्र आहे. पण गटात पाच खातेदार असतील तर कोणाचा तुकडा रस्त्याला आणि कोणाचा नाल्याकडे, हे तो सांगत नाही. ते पोटहिस्सा मोजणी झाली असेल तरच नकाशावर येतं. शिवाय सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. उलट सिद्ध होऊ शकतं, हे त्यातच आलं.

नकाशाचं वेगळंच गणित आहे. गावाचा नकाशा १:५००० या प्रमाणात असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते, म्हणजे आठ फुटांहून जास्त. मोबाइलवर भूनकाशा उघडून, त्यावर स्वतःचा निळा ठिपका पाहून हद्द ठरवणारे तरुण मला भेटतात. साध्या फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं. गट शोधायला ते ठीक आहे, भिंत आखायला नाही. दोन गुंठ्यांचा ३३ बाय ६६ फुटांचा प्लॉट असेल आणि लांब बाजूला हद्द एक फूट सरकली, तर ६६ चौरस फूट जागा गेली. चौरस फुटाला हजार रुपये भाव धरला तरी ते ६६ हजार रुपये होतात.

राहिली जमीन. तिच्यावर बांध असतो, कडुलिंब असतो, कधीकाळी रोवलेला दगड असतो. बांध नांगराने सरकतो, दगड जेसीबीने जातो आणि झाड वठून जातं.

आमच्या गावालगतच्या जागेवर घर बांधायचं ठरलं तेव्हा मी आधी मोजणीचा अर्ज केला. शेजारच्या काकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "अरे, तुझ्या आज्यानं आन् माझ्या बापानं मिळून हा धुरा घातलाय. त्यात मोजायचं काय? आमच्यावर भरवसा नाही व्हय?" हा प्रश्न सगळ्यांनाच ऐकावा लागतो आणि बहुतेक जण इथेच मागे फिरतात. मी म्हटलं, "काका, तुमच्यावर आहे. उद्या तुमचा नातू आन् माझा पोरगा इथं राहतील, त्यांचा भरवसा आपण कसा द्यायचा?" ते हसले आणि मोजणीच्या दिवशी स्वतः टेप धरायला आले.

मोजणीत निघालं ते असं. पुढच्या बाजूला त्यांची कंपाउंडची भिंत दीड फूट आमच्यात होती आणि मागच्या बाजूला आमचा जुना गोठा तीन फूट त्यांच्यात. दोन्ही घरं पन्नास वर्षं एकमेकांच्या जागेत होती आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. आम्ही गोठा काढला आणि घराचा नकाशा आत घेतला. त्यांची भिंत पाडायला लावली नाही. ती जेव्हा पडेल किंवा नवी बांधतील तेव्हा मोजणीच्या रेषेवर येईल, तोवर ती आमच्या परवानगीने तिथे आहे, असं लिहून घेतलं. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, सोबत मोजणी नकाशाची प्रत. ही लिखापढी कोरडी वाटेल, पण तिला कारण आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे कोणी खासगी जागा मालकाच्या विरुद्ध उघडपणे, सलग बारा वर्षं ताब्यात ठेवली, तर मूळ मालकाचा ती परत मागण्याचा हक्क संपू शकतो. ताबा परवानगीचा असेल तर हे घड्याळ सुरू होत नाही. शेजारधर्म पाळायचा असेल तर तो लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीलाही तो पाळता येतो.

मोजणीची पद्धत अवघड नाही. अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात जातो आणि ई-मोजणीच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. हवी असते ती "हद्द कायम" मोजणी. वाटणीसाठी पोटहिस्सा मोजणी वेगळी आणि बिनशेतीसाठीची वेगळी. सोबत ताजा सातबारा, चतुःसीमा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते द्यायचे. मोजणी नियमित किंवा द्रुतगती करता येते, शुल्क त्याप्रमाणे बदलतं. लगतच्या खातेदारांना कार्यालयातून नोटीस जाते. ती मिळाली की नाही हे आपण स्वतः विचारून घ्यावं, कारण "मला नोटीसच नव्हती" या एका वाक्यावर पुढे सगळी मोजणी वादात जाते. उभ्या पिकात मोजणी अडते, म्हणून पीक निघाल्यावरची तारीख मिळेल अशा बेताने आधीच अर्ज करावा.

त्या दिवशी चुना, खुंट्या, हद्दीचे दगड आणि दोन मजूर आपण तयार ठेवायचे. पूर्वी साखळी आणि फळ्यावर मोजणी व्हायची, आता रोव्हर येतो. कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांच्या आधाराने तो काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देतो. पण यंत्र अचूक असलं तरी जोडायचं असतं जुन्याच अभिलेखाशी, म्हणून गटाचे टिप्पण आणि जुना नकाशा कार्यालयातून आधी पाहून घ्यावा. दाखवलेल्या प्रत्येक खुणेवर त्याच दिवशी दगड गाडा आणि दगडासकट फोटो काढा. चुना पहिल्या पावसात जातो. नंतर मोजणी नकाशाची "क" प्रत मिळते. अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यांतला फरक तिच्यावर कळतो. आर्किटेक्टच्या हातात पहिला कागद हा द्यायचा. सामासिक अंतर मोजायचं ते या रेषेपासून, शेजाऱ्याच्या भिंतीपासून नाही.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते. ती वरचे अधिकारी करतात. भूकरमापक रेषा दाखवतो, अतिक्रमण काढणं त्याच्या अधिकारात नसतं. समोरचा हटायला तयार नसेल तर रस्ता दिवाणी न्यायालयाचा आहे. तिथेही न्यायालय बहुधा कमिशनर नेमून मोजणीच मागवतं. म्हणजे फिरून यायचं मोजणीवरच, फक्त मधे काही वर्षं आणि वकिलाची फी जाते.

ज्यांचं घर गावठाणात आहे त्यांच्याकडे सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही. गावठाणांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. गावात आधी चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, चौकशी होते आणि मालमत्ता पत्रक तयार होतं. चुना टाकायच्या दिवशी घरातलं कोणी हजर नसेल, तर शेजारी दाखवेल तीच रेषा नकाशावर जाते. गावात चौकशीची नोटीस लागली असेल तर ती वाचायला शुक्रवारची वाट पाहू नका.

इथवरचं सगळं कोणत्याही समाजाच्या माणसाला लागू आहे. आता आपल्या घरातलं थोडं बोलू.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही शहराच्या कडेला जा, आपल्या वस्त्यांत "बॉन्डवर घेतलेला प्लॉट" हा शब्द ऐकू येतो. शंभराचा मुद्रांक कागद, नोटरीचा शिक्का, चार सह्या आणि रोख पैसे. शेतकऱ्याने अर्धा एकर विकायला काढलं, मधल्या माणसाने फक्कीने वीस प्लॉट पाडले, मोजणी कोणी केली नाही. स्थावर मालमत्तेची शंभर रुपयांवरची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. करार आणि मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलं. याचा हद्दीशी संबंध असा की मोजणीचा अर्ज खातेदारच करू शकतो. बॉन्डवाल्याचं नाव सातबारावर नाही, म्हणून त्याला स्वतःच्या घराची कड शासनाकडून मोजून घ्यायचीही सोय नाही. वीस प्लॉटांतला पहिला एक फूट सरकला की विसावा रस्त्यात जातो, आणि विसाव्या प्लॉटवर बहुधा सगळ्यात गरीब माणूस असतो.

याला उपाय अगदीच नाही असं नाही. गुंठेवारीच्या वस्त्या नियमित करायला २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढली. पण त्यासाठी एकेकट्याने फिरण्यापेक्षा पूर्ण गल्लीने एकत्र मोजणी-नकाशा करून अर्ज करणं शहाणपणाचं आहे. जो आज नवा प्लॉट घेतो आहे त्याने मात्र एवढंच करावं: मोजणी नाही तर बयाणा नाही.

दुसरी गोष्ट जुबानी हिब्याची. अब्बांनी मोहल्ल्यातल्या चार बुजुर्गांसमोर सांगितलं, पुढची जागा धाकट्याची, मागची थोरल्याची. ताबा दिला. मुस्लिम कायद्याप्रमाणे असा तोंडी हिबा वैध होऊ शकतो. पण "पुढची" कुठे संपते आणि "मागची" कुठे सुरू होते, हे त्या चार बुजुर्गांना माहीत होतं आणि त्यातले तिघं आज हयात नाहीत. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या दप्तरात त्याचा फेरफार नाही. दोन भाऊ कोर्टात उभे राहतात तेव्हा भांडण मालकीचं दिसतं, खरं ते बहुतेक वेळा एका न आखलेल्या रेषेचं असतं. हिबा करणाऱ्याने तो हयात असतानाच लिहून, नकाशा जोडून, फेरफार करून घ्यावा.

तिसरी गोष्ट बहिणींची. वारस नोंद करताना आपल्याकडे बहिणींची नावं एक तर लागतच नाहीत, किंवा लागतात आणि लगेच हक्कसोड होते. शरियतने ठरवलेला हिस्सा आपण तोंडाने सांगतो, फेरफारावर मात्र तो दिसत नाही. मग वीस वर्षांनी भाऊ तीन मजले चढवतो आणि भाच्याची नोटीस येते. अविभक्त जागेवर घर बांधणं म्हणजे बहिणीच्या हिश्शावर न विचारता पाया घालणं. वीतभर जमीन नाहक दाबण्याबद्दलची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती आठवते शेजाऱ्याच्या बांधावर. बहिणीचा हिस्सा त्यातच येतो. आधी वाटणी, मग पोटहिस्सा मोजणी, मग पाया.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, आणि ती आपली ताकदही होऊ शकते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या महसुली नोंदी उर्दूत, काही मोडीत आहेत, आणि त्यांवर फसली सन आहे. २०२३ मध्ये आपल्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला निजामकालीन दप्तरं उघडली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या लिपीकडे आपल्या घरातली इंग्रजी माध्यमाची पोरं पाठ फिरवून बसली होती, ती एका रात्रीत सगळ्या समाजांच्या कामाची ठरली. जमिनीच्या वादातही तेच होतं. मोजणी कुठे अडली तर जुनं खासरा पत्रक, पाहणी पत्रक काढावं लागतं. तुमच्या घरात दादांना किंवा नानींना उर्दू वाचता येत असेल, तर त्यांच्याजवळ बसून घरातले जुने कागद आत्ताच वाचून घ्या आणि त्यांचे फोटो काढा. हीच मदत शेजारच्या हिंदू शेतकऱ्यालाही करा. त्याच्या आज्याचा कागदही त्याच लिपीत आहे.

हे सगळं मी आज का लिहितो आहे? कारण हद्दीचा वाद आता फक्त हद्दीचा राहत नाही. दोन घरांत एका फुटावरून बोलाचाली होते, तोवर ती गावकीत मिटते. संध्याकाळपर्यंत तिचा व्हिडिओ निघतो, दोन घरांऐवजी दोन आडनावं दिसायला लागतात आणि मग ती मिटवणारे मागे, पेटवणारे पुढे होतात. हाताशी मोजणीचा नकाशा असेल तर वादाला एक सरकारी, कोरडं उत्तर असतं: दगड इथे आहे. त्या दगडाला जात-धर्म नसतो.

दुसरं कारण नोटिशीचं. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईबद्दल निकाल दिला आणि पाडापाडीआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ता, फुटपाथ, रेल्वे हद्द, नदी अशा सार्वजनिक जागांवरच्या अतिक्रमणांना हे संरक्षण नाही. या निकालाचं आपण स्वागत केलं, करायलाच हवं होतं. पण पंधरा दिवस मिळाले तर त्यांत दाखवणार काय? मोजणीचा अर्ज करून तारीख मिळायलाच त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. घर रस्त्यात आहे की रस्त्याबाहेर, हे ज्याच्या कपाटातल्या "क" प्रतीवर लिहिलेलं आहे, त्यालाच हे पंधरा दिवस खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत. न्याय मागायचा हक्क घटनेने दिला आहे, कागद मात्र आपणच जपायचा आहे.

हेच कब्रस्तान, ईदगाह आणि मशिदीच्या जागांना लागू आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीनंतर ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झालं. तिथे वक्फ मिळकतीची ओळख आणि हद्दी नोंदवायच्या आहेत. त्या कायद्याबद्दल आपली मतं आहेत आणि ती आपण मांडत राहू. पण ज्या कब्रस्तानाची हद्द कायम मोजणी कधी झालेलीच नाही, त्याच्या हद्दी पोर्टलवर कोण आणि कशाच्या आधारावर भरणार? तारेचं कुंपण घालायला चंदा जमतो, त्याच्या आधी मोजणीचं शुल्क भरायला जमला पाहिजे.

शेवटी तरुण वाचकांना, आणि विशेषतः माझ्यासारखं शिकून बाहेर नोकरी करणाऱ्यांना, एक काम. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घराचा डिजिटल सही असलेला सातबारा काढा, १५ रुपये लागतात. घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक झालं का ते पाहा. नावं कोणाची आहेत, कोणाची राहिली आहेत ते तपासा. जागेच्या चार कोपऱ्यांवर चार दगड आहेत का, ते वडिलांसोबत चालत जाऊन पाहा आणि वडील त्या कोपऱ्यांबद्दल काय सांगतात ते लिहून घ्या. मग गल्लीतल्या ज्या घरात बॉन्डशिवाय काही नाही, त्या घरात जाऊन बसा. अर्ज भरायला, नोटीस वाचून दाखवायला, कार्यालयात सोबत जायला पदवी लागत नाही, एक सकाळ लागते. आपल्या मोहल्ल्यात लग्नासाठी, दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी धावणारी पोरं आहेत. तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयाची वाट माहीत असलेली दोन पोरं प्रत्येक मोहल्ल्यात तयार झाली, तरी पुष्कळ घरं वाचतील.

आणि ज्यांचं बांधकाम येत्या उन्हाळ्यात आहे, त्यांनी मिस्त्रीला थोडं थांबवून आज शेजाऱ्याकडे जावं, चहा घ्यावा आणि सांगावं की आपण दोघं मिळून मोजून घेऊ.